उंब्रजहून राजधानी साताऱ्याला

उंब्रजहून एस.टी.त बसलात की महामार्गाने उत्तरेला सातारा. राजधानी जुनीच, १८१८ मध्ये युद्धात पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना इथल्या गादीवर बसवले. १८४८ ला ते राज्यही खालसा झाले. राजवाडा राहिला, त्यात पुढे सरकारी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे, लहानग्या भिवाचे, नाव तिथल्या रजिस्टरात चढले.

मुलाबाळांना घेऊन जाच, पण नुसता वाडा दाखवून परतू नका. वर्गात कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शहरात धोबी होते, न्हावी होते, पैसे द्यायची ऐपतही होती. पण शिवणार कोण? कपडे बहिणी धूत. भावांचे केस थोरली बहीण कापी. तिचा हात त्यात चांगलाच बसला होता.