रंगाच्या आधी

उल्हासनगरहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उजव्या बाजूची खिडकी मिळाली, तर हिवाळ्यातल्या धुक्याच्या सकाळी एक चित्र आपोआप समोर येते. हाजी मलंगचा डोंगर, पुढे तावली, बदलापूर ओलांडताना चंदेरीचा सुळका. जवळची टेकडी गडद, पलीकडची फिकी, सगळ्यात मागची आभाळात विरलेली. रंग म्हणावा असा कुठेच नाही, तरी कोण किती लांब ते कळते.

अंडरपेंटिंगचा पहिला धडा हाच. कॅनव्हासवर पातळ तपकिरी हात फिरवायचा, डोळे किलकिले करून गडद जागा बसवायच्या, उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढायच्या किंवा पांढऱ्याने उठवायच्या. राखाडीत केलेल्या अशा कामाला ग्रिझाय म्हणतात. ते वाळले की त्यावर रंगाचे पातळ, पारदर्शक थर चढवायचे. खालची उजेड-सावली रंगीत काचेतून दिसावी तशी वर येते. लिओनार्दोने 1481 मध्ये सुरू करून अर्धवट सोडलेले एक मोठे चित्र फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. त्यात ही तपकिरी पायाभरणी उघडीच राहिली आहे. आपल्याकडे अकबर-जहांगीरच्या काळातले मुसव्विर ‘नीम कलम’ चित्रे काढत. तंत्र वेगळे, शाई आणि कागदाचे. पण जवळजवळ एकाच छटेत सगळे सांगून रंगाचा नुसता स्पर्श द्यायचा, ही नजर तीच. नीम म्हणजे अर्धे. नाव किती नेमके आहे!

आपल्या घरांत प्रश्न येतो, मुलांनी चित्र काढावे का? उलेमांमधली ही चर्चा जुनी आहे आणि ती मिटवणे माझे काम नाही. मात्र हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकाराला, काढायचेच असेल तर झाडे आणि निर्जीव वस्तू काढ, असे सांगितल्याची रिवायत प्रसिद्ध आहे. डोंगर, झाड, पाणी आणि खिडकीत ठेवलेला वजूचा ॲल्युमिनियमचा लोटा एवढ्यावर दोन वर्षे सहज जातात. लोटा तर फारच चांगला उस्ताद. त्यात रंग नसतो, नुसता उजेड असतो.

अंबरनाथला सन 1060 चे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. काळ्या दगडाच्या त्या भिंतींच्या कोनाकोनांत दिवसभर सावली सरकत राहते. 1868 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी तिथे रेखाटने करायला आणि साचे घ्यायला आले होते. आजही चित्रकलेच्या मुलांना न्यावे अशी जागा आहे. दगड एकाच रंगाचा असल्याने डोळ्याला पळवाट मिळत नाही.

घरी शिकायचे तर ॲक्रेलिक बरे. पाण्यात मिसळते, टर्पेंटाइनचा वास नाही, पाव-अर्ध्या तासात वाळते. वाळल्यावर ते किंचित गडद होते, हे लक्षात ठेवावे. तैलरंगात अंबरचा पातळ थर लवकर वाळतो, तरी काही दिवस थांबावे लागते. बदलापूरच्या पावसाळ्यात आणखी. खालचा थर कमी तेलाचा, वरचे जास्त तेलाचे, नाहीतर चित्राला तडे जातात. ॲक्रेलिकच्या पायावर तैलरंग चालतो, उलटे मात्र करू नये. वरचा थर सुटून येतो.

या पद्धतीची एक मर्यादाही इथेच कळते. मंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरात शिरते. कारखान्यांच्या, जीन्स धुलाईच्या पाण्याने तिचे काय झाले ते त्या पुलावरून नाक दाबून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. राखाडीत रंगवली की ती सुंदर दिसते. काठ गडद, मधे आभाळाची चमक. घाण पाणी आणि स्वच्छ पाणी, छटेत दोन्ही सारखीच. खरे-खोटे ठरते ते वर रंग चढवताना.

आठवीतल्या एका मुलीने अशी नदी मोठ्या मेहनतीने राखाडीत उभी केली. वाळल्यावर तिने विचारले, “सर, आता निळा लावू का?” मी म्हटले, “तू रोज तो पूल ओलांडतेस ना?” ती थोडा वेळ ट्यूबांकडे बघत राहिली. मग निळा बाजूला ठेवून तिने जांभळट काळा आणि थोडा मातकट पिवळा काढला, आणि त्यात पाणी घालू लागली.