परण्यापुढचे झिंगाट

आमच्या बारामतीत लग्नसराई सुरू झाली, की रात्री दहापर्यंत पुस्तक उघडण्यात काही अर्थ नसतो. एका वरातीचा डॉल्बी थांबतो न थांबतो, तोच दुसरीचा बँजो सुरू होतो. आणि दोघांच्याही पोतडीतली हुकमी चीज एकच, 'झिंगाट'. 29 एप्रिल 2016 रोजी 'सैराट' प्रदर्शित झाला. त्यानंतर कितीतरी गाणी आली नि गेली. हे मात्र जागचे हललेले नाही.

मी मराठीचा प्राध्यापक, तेव्हा या गाण्यांवर माझा राग असावा अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे मुळीच नाही. निबंधात कोणी 'याड' लिहिले तर माझी तांबडी शाई चालते, हे खरे. पण 'याड लागलं' याऐवजी 'वेड लागले' असे एकदा म्हणून पाहा. शुद्धलेखन सुधारेल आणि गाणे मरेल!

या गाण्यांचे कर्ते अजय आणि अतुल गोगावले हे भाऊ आपल्याच जिल्ह्यात वाढले. वडील महसूल खात्यात. बदली होईल तसा शिरूर, जुन्नर, घोडेगाव, राजगुरुनगर असा बिऱ्हाडाचा प्रवास. संगीताचे रीतसर शिक्षण नाही. नागराज मंजुळे यांच्यासाठी त्यांनी आधी 'फँड्री'चे एक गाणे केले होते, पण ते जाहिरातीपुरतेच. चित्रपटात ते नव्हते. 'सैराट' ही या मंडळींची दुसरी भागीदारी. गाणी अवघी चार, सारी मिळून वीस-एकवीस मिनिटांची. पण त्यांतल्या वाद्यवृंदासाठी हे भाऊ थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत गेले. मला त्या वादकांचे फार कुतूहल वाटते. समोर पाश्चात्त्य स्वरलिपीचा कागद, कानात तालाची टिकटिक, आणि करमाळा कुठे, ऊस कशाशी खातात, याचा पत्ता नाही. तरीही 'याड लागलं' मधली व्हायोलिने अशी उसळतात, की जणू त्या मंडळींनी उजनीच्या फुगवट्यावर सूर्य बुडताना पाहिलेला असावा. इंदापूरच्या बाजूने त्या पाण्याकडे पाहिले, की पलीकडे करमाळा तालुका. मंजुळे तिथल्या जेऊरचे. इकडे नीरा ओलांडली की अकलूज. चित्रपटातली आर्ची, रिंकू राजगुरू, तिथली. तेव्हा गाण्याचा वाद्यवृंद सातासमुद्रापलीकडचा असला, तरी गोष्ट आमच्या शेजारची.

आणि शेजारची गोष्ट अडचणीची असते. वेगळ्या जातीतल्या दोघांनी पळून जाऊन संसार थाटला, आणि मुलीच्या माहेरच्यांनी घरी येऊन त्यांना मारले, अशी ती गोष्ट आहे. ज्या चित्रपटासाठी एवढा मोठा वाद्यवृंद उभा केला, त्याच्या अखेरच्या प्रसंगात सारे आवाज काढून घेतलेले आहेत. लहान मूल रडते आहे आणि त्याचे रडणेही आपल्याला ऐकू येत नाही. सबंध संगीतात मला सर्वांत भारी वाटते ती ही शांतता. ती अर्थात वरातीत वाजविता येत नाही.

एकदा मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला 'मला आवडलेली कलाकृती' हा विषय दिला होता. निम्म्या वर्गाने 'सैराट'वरच लिहिले. एका मुलीने मात्र शेवटी एक ओळ सहज लिहिली होती : आमच्या घरी 'सैराट' लागला की सगळे मिळून बघतात, पण मध्यंतर झाले की वडील टी. व्ही. बंद करतात. तक्रारीचा सूर नाही, उद्गारचिन्ह नाही. त्या ओळीला मी गुण द्यावेत तरी किती?

पुढच्या वैशाखात तिच्या लग्नाची पत्रिका आली. लग्न इंदापूरला, स्थळ आत्याच्याच घरचे. मुलगा साखर कारखान्यात कामाला, वागायला चांगला. तिच्या मनात काय होते ते मी विचारले नाही, आणि विचारण्याचा मला अधिकारही नव्हता. संध्याकाळी नवरदेवाचा परण्या मारुतीच्या दर्शनाला निघाला आणि बँजोवाल्यांनी 'झिंगाट' धरले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी पोरांनी मुलीच्या वडिलांनाच मध्ये ओढले. फेट्याचा शेमला सावरीत, आधी लाजत आणि मग अगदी मनापासून, ते नाचू लागले. फार सुरेख नाचले, हे सांगितले पाहिजे. परण्या परत कार्यालयाच्या दारात आला तरी त्यांचे पाय थांबेनात. वरच्या खोलीच्या खिडकीत मुंडावळ्या बांधलेली नवरी बहिणींच्या खांद्यावरून खाली पाहत होती, आणि वडिलांचा नाच पाहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. ते पाणी हसण्याचेच होते, असे मी धरून चालतो.

पंगतीत योगायोगाने बँजो पार्टीचा म्होरक्या माझ्या शेजारी बसला. 'याड लागलं' वाजविता का, असे मी त्याला विचारले.

“वाजवतो की, सर. पण परण्यापुढं नाय चालत. माणसं जागच्या जागी हुबी ऱ्हात्यात, ऐकत. आन् हुब्या माणसाच्या खिशातनं नोट निघत न्हाय.”

असे म्हणून त्याने वाढप्याला जिलबीसाठी खूण केली.