कार्डावरची नवी ओळ

आमच्या पहिल्या कार्डावर एकच ओळ होती, 'घराची संपूर्ण साफसफाई करून मिळेल.' खाली माझा नंबर. २०१२ साली नारायण पेठेतल्या एका छपाईवाल्याकडून पाचशे कार्डं करून घेतली होती. त्याआधी सात वर्षं मी एका रुग्णालयात हाउसकीपिंगची सुपरवायझर होते. सोबतच्या दोघी मावशी तिथल्याच. सगळं सामान माझ्या स्कूटरवर मावायचं : दोन बादल्या, वायपर, घासण्या, आर-वन आणि आर-टू या सफाईच्या द्रवांचे कॅन, वेगवेगळ्या रंगांची फडकी. लाल फडकं संडासाच्या दाराबाहेर येणार नाही, ही रुग्णालयातली शिस्त तेवढी आम्ही जपून आणली होती.

आता कार्डावर सात ओळी आहेत आणि आम्ही अठराजण आहोत, त्यांत चौदा बायका. या ओळी मी बसून ठरवलेल्या नाहीत. काम आटपून बादल्या उचलायच्या वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, "ताई, आलाच आहात तर एवढा सोफा पण बघा ना." आमचा धंदा या 'आलाच आहात तर'वर वाढला. त्याला कधी हो म्हणायचं आणि कधी नाही, हे मात्र मला फार उशिरा कळायला लागलं.

सोफा ही दुसरी ओळ. बचत गटातून कर्ज काढून शाम्पूचं मशीन घेतलं. ते एका तोंडाने साबणपाणी मारतं आणि दुसऱ्याने ओढून घेतं. टाकीत जमलेलं काळं पाणी बघून घरातली माणसं थक्क व्हायची. दोन महिने कामं छान चालली. मग जुलैत एका घरी मखमली कापडाच्या सहा खुर्च्या आल्या. मी नेहमीसारखं मशीन फिरवलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला : कापडाची लव बसलीय, कडेने तपकिरी वलयं उमटलीत. तिसऱ्या दिवशी कुबट वासही यायला लागला, कारण पावसाळी हवेत आतला फोम वाळलाच नव्हता. चूक पूर्णपणे माझी होती. त्या खुर्च्या मी माझ्या पैशांनी नव्या कापडात करून दिल्या आणि मशीनने मिळवून दिलेलं सगळं त्यात गेलं.

तयार फर्निचरच्या गादीखाली पुष्कळदा बोटभर कापडी पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर इंग्रजी अक्षर असतं. डब्ल्यू असेल तर पाणी चालतं. एस असेल तर पाणी नको, सॉल्व्हंट वापरायचं. एक्स असेल तर फक्त व्हॅक्युम, ओलं काहीच नाही. हे मला मशीन विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. शिवाय गल्लीतल्या कारागिराने बनवलेल्या सोफ्याला पट्टी नसतेच. तिथे आमच्या एका मावशींचा हात उपयोगी पडला. त्यांनी उमेदीची वर्षं शिवणयंत्रावर काढलेली. पाठीमागचं, भिंतीकडचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरून त्या हलकेच चोळतात, मग पांढरं ओलं फडकं त्यावर दाबून साठ आकडे मोजतात. रंग उतरला किंवा कापड ताठ झालं, की मशीन गाडीतून उतरवूच देत नाहीत. "ताई, हे रेयॉन आहे. हे पाणी पितं आणि सोडत नाही." तेव्हापासून सोफ्याच्या कामाला होय-नाही त्या म्हणतात, मी नाही.

पाण्याच्या टाकीची ओळ मी वर्षभर टाळली आणि ते बरं केलं. बाहेरून हे सोपं दिसतं. आदल्या संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद करायचा, घोट्याएवढं पाणी उरू द्यायचं, भिंती वरून खाली घासायच्या, गाळ पंपाने ओढायचा, जेटने धुवायचं, क्लोरीनचं पाणी मारून थांबायचं आणि पुन्हा धुऊन घ्यायचं. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीला एवढं पुरतं. जमिनीखालची काँक्रीटची टाकी हे वेगळंच प्रकरण आहे. तिला दोन फुटांचं तोंड असतं, हवा हलत नाही. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५च्या खाली गेला की माणसाने तिथे उतरायचं नसतं. हे डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. आत इंजिनाचा पंप नेला तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो. दोनशे तीस व्होल्टचा हॅलोजन दिवा ओल्या टाकीत सोडणारे लोक मी पाहिलेत, आणि ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून आमच्या टाकीच्या कामात पहिला अर्धा तास कुणी काहीच करत नाही, असं सोसायटीच्या लोकांना वाटतं. सगळी झाकणं उघडलेली असतात, ब्लोअर चालू असतो, दोरीला बांधलेला गॅस मीटर खाली सोडलेला असतो. वर एक माणूस फक्त दोर धरायला, आणि त्याने त्या वेळात फोनसुद्धा घ्यायचा नाही. आत बॅटरीवर चालणारा डोक्याचा दिवा. एकदा एका सेक्रेटरींनी विचारलं, "अहो ताई, दुसरे लोक दीड तासात उरकतात, तुम्हाला चार तास का?" मी त्यांना मीटर दाखवला. आकडा १९.१ होता. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले आणि मग चहा मागवला.

टाकीची कामं करायला लागल्यावर एका बंगल्यातून फोन आला. शौचालयाची टाकी तुंबली आहे, "टाकीच आहे ना, तीच माणसं पाठवा, हवे तेवढे पैसे देतो." हे मी कधीच केलं नाही आणि करणार नाही. सेप्टिक टँकमध्ये आणि गटारात माणूस उतरवून धोक्याची सफाई करून घेणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी माणसं मरतात. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली, म्हणजे ती द्यायची वेळ अजून येते. आमच्यातल्या तिघींच्या घरांवर हे काम जातीने लादलेलं होतं. त्यांच्यातल्या एकीने त्या दिवशी मला एवढंच सांगितलं, "ताई, त्या टाकीचं नाव आपल्या कार्डाजवळ पण नको." मी बंगल्याच्या मालकांना सक्शनच्या गाडीचा नंबर दिला. गाडी वरून पाइप सोडते, माणूस उतरत नाही. त्या गिऱ्हाइकाने पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नव्हतं.

झुरळांचं कामही मी घेतलं नाही, पण त्याचं कारण निराळं. कीटकनाशकं फवारायला १९६८च्या कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो मिळवायचा तर विज्ञान किंवा शेतकी शिकलेला, रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो. आमच्यात तो नाही. परवाना असलेले एक गृहस्थ आहेत, त्यांच्याशी आम्ही वेळ जुळवून घेतो : सकाळी आम्ही ओट्याखालचा, कपाटांवरचा तेलकट थर काढायचा, संध्याकाळी त्यांनी जेल लावायचं. क्रम उलटा झाला तर आमच्या मावशी ते जेल पुसून टाकतात आणि दोघांचे पैसे वाया. गिऱ्हाइकाची एकाच फोनमध्ये दोन्ही कामं होतात. सगळं स्वतःच करण्यापेक्षा हे मला जास्त आवडतं.

२०२०मध्ये कोरोनाबरोबर आलेली 'सॅनिटायझेशन'ची लाट तर घरचा उंबरठा ओलांडून आत आली होती. आम्ही बसून होतो, पगार द्यायचे होते, आणि फोनवर सगळ्यांना फवारणी हवी होती. धूर दिसला की लोकांना बरं वाटायचं. एप्रिलमध्येच आरोग्य मंत्रालयाने माणसांवर जंतुनाशक फवारू नका म्हणून सांगितलं, आणि पुढे मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही फवारण्यापेक्षा पुसा, असंच म्हटलं. आम्ही पुसलं. एक टक्क्याच्या हायपोक्लोराइटने लिफ्टची बटणं, कठडे, दारांच्या कड्या. दहा मिनिटांनी साध्या पाण्याच्या फडक्याने परत, नाहीतर स्टीलला डाग पडून खड्डे पडतात. कामं कमी मिळाली. त्या वर्षी मी कुणाला कामावरून काढलं नाही, पण सगळ्यांनी मिळून अर्ध्या पगारावर सहा महिने काढले, आणि ते मी विसरू शकत नाही.

हिशेबाचं थोडक्यात सांगते, कारण नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुली मला हेच विचारतात. ओळी वाढल्या की उलाढाल वीस लाखांच्या पुढे जाते आणि जीएसटी लागतो, अठरा टक्के. सोसायटीला बिल हवंच असतं, घरच्या गिऱ्हाइकाला तेच जड जातं. सोसायटीचा चेक पंचेचाळीस दिवसांनी येतो आणि मावशींचा पगार सात तारखेला. नवी ओळ टाकायच्या आधी दोन पगार पुरतील एवढे पैसे बाजूला हवेत. मशीन नंतर घ्यावं.

आमची सगळ्यात अलीकडची ओळ आहे 'बंद घराची देखभाल'. तिचा पहिला फोन न्यू जर्सीहून, घरमालकीणबाईंच्या मुलाचा आला. कोथरूडचा फ्लॅट दोन वर्षं बंद होता आणि शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली होती. ड्रेनेज फुटलं असेल, फरशी उखडावी लागेल, असं सगळे धरून चालले होते. मी बाथरूममध्ये वाकून जाळी काढली. नहाणी ट्रॅप कोरडा ठणठणीत होता. त्या वाटीत एरवी पाणी उभं असतं आणि तेच खालची हवा अडवतं. कुणी नळ सोडला नाही की ते उडून जातं, मग खालून वास येतो आणि झुरळंही येतात. आम्ही प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी ओतलं, वर चमचाभर लिक्विड पॅराफिन सोडलं, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. खिडक्या उघडून बसलो. तासाभरात घर घरासारखं झालं.

आता अशा अकरा घरांच्या किल्ल्या आमच्या कपाटात आहेत. महिन्यातून एकदा दोघी मावशी जातात, नेहमी दोघी. नळ सोडतात, फ्लश करतात, पंखे चालवतात, पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवरची बुरशी पुसतात, छताचे फोटो काढून मालकांना पाठवतात. रजिस्टरमध्ये आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ लिहितात. आणि पहिल्या दिवसापासूनचा नियम असा, की गिऱ्हाइकाच्या घरातून काहीही आणायचं नाही. रद्दीसुद्धा नाही.

गेल्या डिसेंबरात त्या न्यू जर्सीच्या मुलाने घर विकलं. आई ऐंशीच्या पुढे, तिकडेच असते, आता परत येणं होणार नाही. तो म्हणाला, "ताई, घर रिकामं करून द्याल? भांडीकुंडी सगळी कुणालाही देऊन टाका." कार्डावर हे काम नाही. मी हो म्हटलं.

भांडी ओट्यावर मांडली तेव्हा आईंनी व्हिडिओ कॉल करायला लावला. स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं, तारीख, 'सप्रेम भेट'. आमच्या शिवणकामवाल्या मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या खिडकीशी उजेडात एकेक भांडं तिरकं धरून अक्षर लावत वाचायच्या, आणि पलीकडून उत्तर यायचं : ही आमच्या मंगळागौरीला आलेली; हे यांच्या ऑफिसमधल्यांनी दिलेलं; हा डबा मुंजीतला. दोन तासांचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी एक जुनं पितळी पातेलं राहिलं. घासून घासून अक्षरं गेलेली. मावशींनी चिंच लावून पाहिली, बोट फिरवून पाहिलं.

"नाही लागत हो आजी."

"असू दे. ते माझ्या सासूबाईंचं. ते तुम्ही न्या."

मावशींनी पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर उघडलं, तारखेखाली लिहिलं, 'पितळी पातेलं एक, मालकीणबाईंनी स्वतः दिलेलं', आणि सहीसाठी पेन त्यांच्याकडे दिलं.