तलावाच्या वाऱ्याचं शीड

माणदेशाला वारा कधी कमी पडला नाही. आषाढात ढग डोक्यावरून पळत राहतात. त्यांचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वर-कोयनेच्या अंगाला सांडून गेलेलं असतं आणि आटपाडीपर्यंत पोचतो तो कोरडा, सुसाट पश्चिमेचा वारा. रब्बीची ज्वारी मळून झाली की खळ्यावर वावडी मांडून तिच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला तो गालावर कळायचा. जरा फिरला की पाटी धरलेले हात आपोआप फिरायचे. पुढं ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या आल्या आणि त्याच वाऱ्याची वीज होऊ लागली. शीड मात्र इथं कुणी उभारलं नाही. शिडाखाली पाणी लागतं.

ते पाणी आलं. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवायचं, पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि दुष्काळी तालुक्यांना द्यायचं, अशी ती योजना. तिच्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींच्या पाठीमागं तेरा तालुक्यांतली माणसं वर्षानुवर्षं आटपाडीच्या पाणी परिषदेला जमत राहिली. पाणी द्या, आणि आलं की समन्यायानं वाटून द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. आज डाळिंबाच्या बागा त्यावर तगल्या आहेत आणि आमचा तलाव, ज्याचा तळ आम्ही लहानपणी भेगाळलेलाच जास्त पाहिला, त्यात लाटा उठतात. काठावर उभं राहून त्या लाटांचा चुबूक चुबूक आवाज ऐकताना मला अजूनही भरून येतं.

माझी नोकरीची सगळी वर्षं मालवणला शिक्षक म्हणून गेली. निवृत्त होऊन गावी परतताना सोबत एक होडी आणली. शेजारच्या एका वृद्ध तांडेलाची ती. घरातल्या मुलांनी इंजिनाच्या बोटी घेतल्यावर ती माडाखाली पालथी पडून होती. सोळा फुटांची, जुन्या सागाची, बुटकी डोलकाठी जराशी पुढं झुकलेली, आणि त्या काठीवर तिरकी टांगायची लांबलचक परबाण. परबाणीला बांधलेलं तिकोनी शीड. रीतसर परवानगी घेऊन होडी तलावात सोडली, आणि तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या मागं लागला: हे शीड ठेवायचं की बदलायचं?

प्रश्न हौसेचा नव्हता. या तिरक्या शिडाची परबाण होडीइतकीच लांब. तिचं खालचं टोक नाळेकडे खाली बांधलेलं, वरचं टोक मागं आभाळात गेलेलं. वारा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला घ्यायचा झाला की परबाण उभी करायची, तिचं बूड काठीशी ओढायचं, सगळं शीड काठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यायचं आणि दामण, म्हणजे शिडाच्या मागच्या कोपऱ्याचा दोर, पुन्हा ओढून बांधायची. एक माणूस परबाणीला, एक दामणीला, आणि सुकाणू कुणीतरी धरायला हवंच. मी एकटा. शिवाय हे करताना होडीची पाठ वाऱ्याकडे करावी लागते. म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला नागमोडी चढत जे अंतर कमावलं, त्यातलं बरंचसं प्रत्येक वळणावर गमवायचं.

मग मालवणची माणसं या शिडावर पिढ्यान्‌पिढ्या कशी जगली? याचं उत्तर मी तिथं रोज पाहत होतो, पण ते नीट उमगलं इथं तलावावर आल्यावर. थंडीच्या दिवसांत तिथं पहाटे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. ते होडीला खोल पाण्यात घेऊन जातात. दुपार झाली की खारे वारे सुटतात आणि मासळीसकट घरी आणून सोडतात. जाताना एक वारा, येताना दुसरा. शीड फिरवायची वेळ दिवसातून कितीशी यायची? आणि यायची तेव्हा होडीत दोन-तीन माणसं असायचीच, कारण जाळं एकट्यानं ओढता येत नाही. त्या शिडात मालवणचा वारा होता, तिथली मासेमारी होती, एका कुटुंबाचे सगळे हात होते. इथं आटपाडीत वारा दिवसभर पश्चिमेचाच, आणि तलाव एवढासा, की पाच-सात मिनिटांत पलीकडचा काठ समोर उभा राहतो. काठ आला की वळा. पुन्हा काठ, पुन्हा वळा. समुद्रावर जो प्रसंग क्वचित येई तोच इथं सारखा येऊ लागला.

नौदलातून निवृत्त झालेला माझा एक मित्र आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं: उंच डोलकाठी बसव, पुढं एक आणि मागं एक अशी दोन शिडं लाव, सुकाणू ढकललंस की होडी आपली आपण वळेल. जगभरच्या क्लबांतल्या कितीतरी छोट्या होड्या अशाच असतात आणि त्याचं चूक काहीच नाही. पण मी होडी पालथी घालून तिचा तळ बघत बसलो तेव्हा मला एकेक गोष्ट दिसायला लागली. उंच काठीला पुढून आणि दोन्ही बाजूंनी तणावे लागतात. ते ताणले की काठी खाली दाबते आणि तणावे फळ्यांना वर उपसतात. वारा वाढेल तसा हा ओढा वाढत जातो. या होडीच्या फळ्यांनी असली ओढ कधी सोसलेली नाही, तिची बुटकी काठी दोरांच्या साध्या आधारावर उभी राहायची. दुसरं असं, की तळ उथळ आणि गोलसर. वाऱ्याला कोन करून चालायला गेली की ती आडवी घसरते. ती घसरू नये म्हणून तळातून खाली सोडायची फळी लागेल, आणि फळी सोडायची तर कण्याच्या लाकडाला चीर पाडावी लागेल. तांडेलाला फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मास्तरांनू, शीड बदललां तर होडी बदलतली."

गेली काही वर्षं मी शिडांच्या होड्यांच्या बातम्या जपून ठेवतो. ३२ फुटांची 'सुहेली' मुंबईत सागवानी लाकडात बांधली गेली, १९६४ साली पाण्यात उतरली, आणि तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं १९६८-६९मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिला दोन डोलकाठ्या आहेत. एका काठीवरच्या मोठ्या शिडाऐवजी दोन काठ्यांवर लहान शिडं घेतली की एकेक शीड एकट्या माणसाला पेलतं. तिचीच प्रतिकृती असलेली 'थुरिया' गोव्यात बांधली गेली. ती घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत निघालेल्या अभिलाष टॉमींना २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळानं गाठलं, डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला. फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. पुढं दुसऱ्या होडीतून ते त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३मध्ये दुसरे आले. माझ्या तलावाचं आणि त्या महासागराचं काही नातं नाही. पण डोलकाठीवर केवढा भार येऊ शकतो, हे त्या बातमीनं मला कायमचं सांगून ठेवलं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती 'कौंडिण्य'. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, काथ्यानं फळ्या शिवून गोव्यात बांधलेलं हे जहाज. चित्रकारानं जहाज रंगवलं. दोर कुठून कुठं जातात, शीड कसं फिरतं, याचा आराखडा काही ठेवला नाही. बांधणाऱ्यांना ते सगळं नव्यानं ठरवावं लागलं. त्याची शिडं चौकोनी, पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावर फुलणारी. म्हणून निघण्याचा मुहूर्तही वाऱ्याचाच धरला: २९ डिसेंबर २०२५ रोजी, हिवाळी ईशान्य वाऱ्यांच्या दिवसांत, ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीच्या मध्याला मस्कतला पोचलं. त्या जहाजाला शिडासाठी वारा निवडता आला. मला तशी सोय नाही. माझा वारा ठरलेला आहे, पाणी ठरलेलं आहे. निवड उरते ती शिडाचीच.

शिडाला हात लावायचाच नाही, असाही एक विचार मनात बळावत होता. जुन्याची माया मला आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. पण मग कृष्णेचं पाणी इथं कसं आलं ते आठवलं. नदीकाठच्या सुपीक पट्ट्यात ते उघड्या पाटानं खेळलं; आमच्या चढउताराच्या, तापलेल्या माळावर ते शेतापर्यंत न्यायला बंद नळांचा आग्रह धरावा लागला, म्हणजे वाटेत उडून जाणार नाही आणि शेवटच्या शेतालाही हिस्सा मिळेल. पाणी तेच राहिलं, चालायची रीत बदलली. त्या पाण्यावर आणलेल्या होडीला मालवणच्या वाऱ्याचंच शीड चढवून तिला काठाशी अडवून ठेवणं मला अन्यायाचं वाटू लागलं.

शेवटी मधली एक वाट सापडली. तिरक्या शिडाचं पुढचं टोक कापलं की ते चौकोनी होतं. अशी शिडं जगातल्या अनेक किनाऱ्यांवर छोट्या होड्यांना असतात. त्याची काठी आखूड. तिचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढं, बराचसा मागं, अशी ती तराजूच्या दांडीसारखी एका दोरावर टांगायची. होडी वळली की शीड आपोआप पलीकडे झुलतं. एका बाजूला ते डोलकाठीवर थोडं दबतं, एवढाच तोटा. बुटकी डोलकाठी तीच चालते, तणावे लागत नाहीत, फळ्यांवर जादा ओढ येत नाही. आणि घसरण थांबवायला तळ चिरायचाही नाही: होडीच्या कडेला दोरानं एक रुंद फळी टांगायची आणि ती पाण्यात सोडायची. हॉलंडच्या उथळ पाण्यातल्या होड्या शतकानुशतकं हेच करत आल्या आहेत.

जुनं शीड मात्र मी कापणार नाही. नवं शीड आटपाडीतच शिवून घ्यायचं ठरवलं. ताडपत्र्या आणि मंडप शिवणाऱ्या कारागिराकडे कागदावर काढलेली मापं घेऊन गेलो. त्यानं कागद उलटासुलटा केला. "गुरुजी, ह्ये तंबूचं हाय का मंडपाचं? एक बी कड सरळ न्हाई." मी होडीचं सांगितलं तेव्हा हातातली कात्री खाली ठेवून तो नीट ऐकायला लागला. वारा कापडाच्या कुठल्या भागाला जास्त ओढतो, कोपऱ्यांना दुहेरी-तिहेरी ठिगळ का हवं, पट्टे कुठल्या दिशेनं जोडायचे, सगळं त्यानं विचारून घेतलं. मंडप वाऱ्यानं फाटतो कुठं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. खालच्या मागच्या कोपऱ्याला, जिथं दामण बांधतात, त्यानं स्वतःहून चामड्याचा तुकडा सुचवला. काठीसाठी बाजारातून एक बरी वेळूची काठी निवडून ठेवली आहे.

कडेची फळी किती रुंद घ्यायची, ते अजून ठरलेलं नाही. ते कागदावर ठरणारही नाही. आधी लहान लावून बघायची, होडी घसरली तर मोठी करायची. जुनं शीड आणि परबाण माळवदाखाली आडवी बांधून ठेवली आहेत. होडी कधी परत मालवणला गेली तर एका भोकाचीही डागडुजी न करता ती चढवता येतील. तांडेलाला हे कळवलं. "होडी थंय चलता मा?" त्यांनी विचारलं. चालते की नाही ते बघायला नातवाला घेऊन मे महिन्यात स्वतः येतो म्हणालेत.