मसूर म्हणजे डाळ नव्हे

मी उंब्रजचा. तालुका कराड, जिल्हा सातारा. तारळी जिथं कृष्णेला मिळते ते गाव. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर कामाला आहे. तुटलेला धागा सांधायचा, भरलेली बॉबिनं उतरवायची, कापसाचा भुसा नाकातोंडात घ्यायचा, हे आपलं काम. कविता लिहितो. आणि चार वर्षं झाली, लिनोवर चित्रं कोरून कागदावर छापतो आणि विकतो.

संपादक मित्र म्हणाला, "आपली पोरं पुस्तकं, कॅलेंडरं, फोटो घेऊन स्टॉल लावतात. पण गिऱ्हाईक पुढं आलं की यांचं तोंड शिवल्यासारखं. नाहीतर एकदम भाषण. तू बोलतोस चांगला. लिही." म्हटलं, लिहितो. पण साथींनो, आधी मला माझं एक पाप सांगावं लागेल. ते सांगितल्याशिवाय मी तुम्हाला काय शिकवणार?

विकायचं मी मामाकडनं शिकलो. पालीच्या खंडोबाची यात्रा आमच्या शेजारीच, पौषात भरते. तिथं मामा फुगे आणि पिपाण्या विकायचा. मी पाचवीत असताना त्याच्याबरोबर उभा राहायचो. मामा म्हणायचा, "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघू नगस, हाताकडं बघ. हात खिशाकडं गेला की बोल." एवढीच आपली विद्या. दहावीनंतर शाळा सुटली. चित्र कसं काढावं हे कुणी शिकवलं नाही. कराडच्या वाचनालयात एका जुन्या पुस्तकात जर्मनीच्या केथे कोलविट्झ या बाईची चित्रं बघितली. विणकरांच्या उठावावर तिनं सहा चित्रं केलेली, १८९७ साली पुरी झाली. पुढच्या वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात तिला पदक द्यावं अशी शिफारस झाली, तर कैसरनं नाही म्हटलं. विणकरांचे ते हात बघून मला आमच्या खात्यातले हात दिसले. आणि एक गोष्ट कळली की ही छापाची चित्रं आहेत. एकाच्या पन्नास निघतात. म्हणजे एका श्रीमंताच्या भिंतीवर जाऊन संपत नाहीत. मग मी लिनोचा तुकडा मिळवला, कोरण्या मिळवल्या. तिसरी पाळी करून आल्यावर दुपारी कोरायचं. शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागनं चमच्यानं घासायचं. अक्षरं उलटी कोरावी लागतात, तर सुलटी उमटतात. हे ध्यानात यायला माझे दोन लिनो वाया गेले.

माझं ज्या चित्रावर पोट आहे ते चित्र असं. एक बैलगाडी. गाडीत चार पोरं, नवे कोट, टोप्या, पायांत नवे जोडे. कासरा एका पोराच्या हातात. गाडीवान खाली, गाडीच्या बाजूनं पायी चाललेला. मागं स्टेशन. खाली अक्षरं: मसूर, १९०१.

तुम्हाला हे ठाऊक असेल, तरी सांगतो. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे. सातारला राहत होते. वडील रामजी सुभेदार गोरेगावला, दुष्काळात काढलेल्या तलावाच्या कामावर खजिनदार. उन्हाळ्याच्या सुटीला पोरांना बोलावलं. बाबासाहेब, त्यांचा थोरला भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुलं, असे चौघे रेल्वेनं मसूरला उतरले. घ्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर मायेनं चौकशी करायला आला. नव्या कपड्यांवरून त्याला वाटलं, चांगल्या घरची पोरं. विचारलं, "कोण तुम्ही?" पोरानं सांगितलं, महार. मास्तरचा चेहराच बदलला. आत निघून गेला. एक गाडीवाला यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, ते पण असं की गाडी पोरांनी हाकायची, तो पायी चालणार. विटाळ नको. शिदोरी बरोबर होती, पण वाटेत प्यायला पाणी नाही. आणि अंधार पडल्यावर तोच गाडीवान गाडीत चढून पोरांशेजारी बसला! रात्री विटाळ कुठं गेला कुणास ठाऊक. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये.

आणि मसूर कुठं? आमच्या उंब्रजवरून कृष्णेचा पूल ओलांडला की पलीकडं. मी त्या स्टेशनावर कितीदा उभा राहिलोय. स्टेशनावर बसून त्या जागेचं चित्र काढलं. म्हणून ते चित्र माझं.

आता पाप सांगतो.

२०२३ च्या जानेवारीत पुण्याला एका मैदानात चित्रांची जत्रा भरली होती. टेबलाचं भाडं भरून मी गेलो. दोन दिवस रजा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. पहिल्या दिवशी एक छाप खपला नाही. लोक यायचे, माझ्याकडं बघायचे, चित्राकडं बघायचे, जायचे. मी कुणालाही बघितलं की स्टेशनमास्तरपासून सुरू करायचो. लोक मान हलवायचे आणि पुढच्या टेबलावर जायचे. तिथं मोर आणि गणपती होते. शेजारचा टेबलवाला भला माणूस, मला म्हणाला, "मित्रा, दुःख कुणी हॉलमध्ये टांगत नाही. गोड सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. बाईंनी छाप हातात घेतला. मी गप्प. बाई म्हणाल्या,

"मसूर म्हणजे? आपली मसुराची डाळ का?"

मी हसलो. त्या पण हसल्या. म्हटलं, "गावाचं नाव आहे मॅडम. साताऱ्याकडं."

"अय्या! आणि ही मुलं कुठं चाललीत?"

माझ्या डोळ्यांसमोर टेबलाचं भाडं आलं. गाडीखर्च आला. मी म्हटलं, "मामाच्या गावाला."

"किती गोड! आणि हा गाडीवान खाली का चालतोय?"

साथींनो, इथं मला थांबता आलं असतं. मी म्हटलं, "बैलांना ओझं नको म्हणून."

बाई मुलीला म्हणाल्या, "बघ गं, किती दयाळू आहे तो काका."

आठशे सांगितले होते, सहाशेला दिला. मोबाइलवरून पैसे आले. बाई म्हणाल्या, मुलीच्या खोलीत लावणार. मी छाप गुंडाळून दिला, वर दोरा पण बांधला. बाईंचं काय चुकलं? त्यांनी विचारलं होतं. एकदा सोडून तीनदा विचारलं होतं. खोटं बोललो मी.

त्या रात्री एसटीत मला झोप आली नाही. बाबासाहेबांनी पण त्या प्रवासात एकदा खोटं सांगितलं होतं. रात्री टोलनाक्यावर गाडी थांबली. गाडीवान म्हणाला, नाकेवाला हिंदू आहे, महारांना पाणी देणार नाही, मुसलमान आहोत म्हणून सांगा. पोरगा गेला, उर्दूत बोलला, पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. उपाशी झोपले. ते पोरगं नऊ वर्षांचं होतं, तहानेलं होतं, परक्या रस्त्यावर रात्रीचं अडकलं होतं. मी? सव्वीस वर्षांचा घोडा, मिसळ खाऊन टेबलामागं बसलेला. सहाशे रुपयांसाठी त्या गाडीवानाला संत करून टाकला.

त्याच साली ६ डिसेंबरला मी चैत्यभूमीला गेलो. कराडला रेल्वेत बसलो. मसूर स्टेशन खिडकीतनं मागं गेलं, तेव्हा पिशवीतले छाप मांडीवर घेऊन बसलो होतो. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलांच्या कडेला सतरंजी टाकली. तिथली गर्दी तुम्हाला सांगायला नको. तिथं माणूस चित्र बघायला येत नाही, दर्शनाला येतो, रांगेत रात्र काढतो. जाताना पुस्तक, कॅलेंडर, बिल्ला, फोटो घेऊन जातो. माझं चित्र तसं अवघड. त्यात निळा कोट नाही, चष्मा नाही, हातात संविधान नाही. नुसती बैलगाडी.

एक आजी थांबली. परभणीकडची. हातात पिशवी, पायात चपला नाहीत. अक्षर वाचता येत नव्हतं. खाली बसली आणि बोट ठेवून पोरं मोजली. मग म्हणाली,

"ह्यो गाडीवान इटाळ हुईल म्हून खाली चालतोय, न्हवं?"

मला बोलताच येईना. म्हटलं, "आजी, तुम्हाला कसं कळलं?"

"नातीनं वाचून दावलं व्हतं. पर त्यात चित्र नव्हतं. ह्यातला आपला भीमा कंचा?"

मी दाखवला. ती बघत राहिली. मग विचारलं, "पुढं पाणी मिळालं का लेकरास्नी?" मी टोलनाक्याचं सांगितलं. मुसलमान म्हणून सांगितलं तरी पाणी नाही मिळालं, हे पण सांगितलं.

आजी म्हणाली, "म्हंजी खोटं बोलून बी न्हाई मिळालं."

मी खाली बघितलं. मग गडबडीनं छाप गुंडाळला आणि म्हटलं, "आजी, हे तसंच घ्या. पैसे नकोत."

आजी भडकली. "का? म्या मागाया आले व्हय? तुज्या हाताला काय मोल न्हाई? सांग किती."

शंभर म्हटलं. ती पन्नास म्हणाली. मी नव्वद म्हटलं. सत्तरवर तुटलं. कनवटीतनं पैसे काढून मोजून दिले, मग विचारलं, "घर गळतंय माजं. पाणी लागून खराब हुईल का?" म्हटलं, काच लावा, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगा. गेली.

त्या दिवसापासून मी बोलायला शिकलो. काय शिकलो ते मांडतो. तुम्ही पुस्तक विका नाहीतर पुतळा विका, कामाला येईल.

आधी गप्प बसावं. माणसाला बघू द्यावं. आपण पहिल्या घासालाच स्टेशनमास्तर आणला की त्याला वाटतं, हा आता भांडणार. त्याला प्रश्न पडू द्यावा. "गाडीवान खाली का?" हा प्रश्न त्याच्या तोंडून यावा. आणि तो आला की उत्तर खरं द्यावं. दोन वाक्यांत. गोड करू नये, रडू पण नये.

किंमत एकदाच सांगावी, मान वर करून. कोणी विचारलं एवढं कसं, तर हिशोब सांगावा: कोरायला इतक्या दुपारी, कागद एवढ्याचा, शाई एवढ्याची, एकूण तीसच छाप. गिरणीत आपण पगाराचा हिशोब मागतो, मग आपल्या कामाचा द्यायला लाज कसली? आणि आपल्या माणसांसाठी मी त्याच लिनोवरनं साध्या कागदावर छाप काढतो, तो शंभरला. कागद बदलतो, चित्र तेच राहतं. फुकट मात्र देत नाही. घासाघीस करणाऱ्यावर रागवत पण नाही. आजीनं घासाघीस करून माझ्या कामाला मोल दिलं, मी फुकट देऊन ते काढून घेत होतो.

"पूर्ण नाव काय तुमचं?" हा प्रश्न येतोच. मसूरच्या फलाटावरचाच प्रश्न आहे तो, आता फक्त जरा सभ्य झालाय. मी नाव सांगतो, आडनाव सांगतो, उंब्रज सांगतो, गिरणीत कामाला आहे ते सांगतो. काही जणांचा चेहरा बदलतो. बदलू दे. छाप मी परत टेबलावर ठेवतो आणि पुढच्याकडं बघतो.

कोणी म्हणतं, "आता कुठं राहिलंय असं?" तिथं आपली पोरं पेटतात. मी विचारतो, "तुमच्या गावात आमच्या लोकांचा पाणवठा कुठं होता?" काही जणांना आठवतं. एका मास्तरांना आठवलं, बराच वेळ उभे राहिले, मग छाप घेतला आणि वर्गात लावतो म्हणाले. काही जणांना आठवत नाही, ते जातात.

आणि कोणी म्हणतं, "वेदना फार छान आलीय हो." त्याला मी म्हणतो, "भाडं पण दुप्पट दिलं होतं साहेब. ते चित्रात दाखवता आलं नाही."

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या त्याच जत्रेत परत गेलो. प्रत्येक छापाबरोबर एक चिठ्ठी दिली, मसूरला काय झालं त्याची. दोन दिवसांत चार छाप खपले. टेबलाचं भाडं निघालं, मजुरी नाही निघाली. खोटं सांगितलं असतं तर कदाचित दहा खपले असते. हे पण तुम्हाला सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की खरं बोललं की बरकत येते. तसं काही नाही.

त्या बाई काही परत दिसल्या नाहीत. दोन्ही दिवस गर्दीत शोधत होतो. पत्ता माझ्याकडं नाही. ती मुलगी आता आठ-नऊ वर्षांची असेल, त्या गाडीतल्या भीमाएवढी. रोज झोपताना तिला माझी बैलगाडी दिसत असेल आणि पोरं मामाच्या गावाला चाललीत असं वाटत असेल. छापाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ७/३० लिहिलंय. पुण्यात कुणाच्या घरी तो दिसला तर माझ्या वतीनं त्या पोरीला एवढं सांगा.

मसूर हे गाव आहे. ती पोरं वडलांकडं चालली होती. आणि तो गाडीवान दयाळू नव्हता.