दुसरी मुळी

माणसानं चाळिशी ओलांडली की त्याच्या उशाशी कोणती पुस्तकं असावीत, याबद्दल समाजाचे काही ठाम संकेत असतात. त्यातून तो मराठीचा प्राध्यापक असला, तर तिथं ज्ञानेश्वरी, निदान समीक्षेचा एखादा जाडजूड ग्रंथ हवाच! माझ्या उशाशी मात्र हल्ली लांडगे असतात. पौर्णिमेचा चंद्र वर आला की ज्यांचे दात लांबतात, अंगभर केस उगवतात आणि जे रानात धूम ठोकतात, अशा माणसांच्या गोष्टी. इंग्रजीत यांना 'वेअरवुल्फ' म्हणतात. नरसिंहाच्या चालीवर मी त्यांना 'नरवृक' म्हणतो. या कादंबऱ्या लिहिलेल्या असतात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, आणि वाचतो मी, तेही मोठ्या चवीनं! "अहो, निदान कव्हर तरी घाला त्यांना," असं ही म्हणते. बुलढाण्यासारख्या गावात प्राध्यापकाच्या हातातलं पुस्तक दहा जणांना दिसतं, हे तिचं म्हणणं खरं आहे.

पण मराठीच्या प्राध्यापकानं यात लाजावं कशाला? आपण ज्या प्रकाराला 'कादंबरी' म्हणतो, त्याचं नावच बाणभट्टाच्या ग्रंथावरून आलं, आणि त्या ग्रंथात राजाला गोष्ट सांगतो तो शापानं झालेला पोपट! महाभारतात किंदम ऋषी हरणाच्या रूपात असताना पांडूचा बाण लागून मरतात. भीमाला आपण 'वृकोदर' म्हणतो. वृक म्हणजे लांडगा, हे परीक्षेत लिहून आलो की विसरून जातो. फार दूर कशाला? १८४६-४७ मध्ये 'वॅग्नर, द वेअर-वुल्फ' ही कादंबरी लिहिणारा जॉर्ज रेनल्ड्स आपल्या पणजोबांच्या चांगल्या ओळखीचा होता. गो. ना. दातारांनी त्याच्याच कादंबऱ्यांना मराठी पागोटं बांधलं, आणि त्या लोकांनी कंदिलाच्या उजेडात, जेवण विसरून वाचल्या. माझा हा शौक म्हणजे घराण्यातलाच म्हणायचा.

आमच्या भागातल्या मेंढपाळाला लांडगा ही काही कल्पना नव्हे. माळावर रात्र काढताना त्याला ती खरीखुरी धास्ती असते. पण माळावरचा लांडगा जन्मभर लांडगाच राहतो, म्हणून त्याची कादंबरी होत नाही. माणूस लांडगा होतो आणि पुन्हा माणूस व्हायची धडपड करतो, तेव्हा मी दिवा मालवायचा विसरतो.

ही गोड भीती काही युरोपाची मिरास नव्हे. मध्य हिंदुस्थानात हे काम वाघाकडे होतं. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनसाहेबानं १८४४ साली छापलेल्या आठवणींत सागरच्या मुलखात ऐकलेली एक गोष्ट दिली आहे. रघू नावाच्या माणसाजवळ दोन मुळ्या होत्या. एक खाल्ली की वाघ व्हायचं, दुसरी खाल्ली की पुन्हा माणूस. वाघ झाल्यावर कसं वाटतं, हे रघूला अनुभवायचं होतं. रघूनं दुसरी मुळी तिच्या हाती दिली आणि पहिली खाल्ली. समोर वाघ उभा राहिलेला पाहताच ती बिचारी किंचाळत पळत सुटली, मुळी हातात तशीच! रघू रानात गेला, आसपासच्या गावांतल्या आपल्याच जुन्या ओळखीच्या माणसांना खात सुटला आणि शेवटी गोळीला बळी पडला. शेपूट नव्हतं, म्हणून लोकांनी त्याला ओळखलं.

ही गोष्ट वाचल्यावर मला वाघाचं भय वाटलं नाही, त्या पळणाऱ्या पावलांचं वाटलं. कारण सध्या आमच्या घरातही एक रूपांतर चाललं आहे. चिरंजीव दहावीत आहेत. आवाज फुटला आहे, ओठावर लव आली आहे. पोळ्यांचा हिशेब पाहून वृकोदराची आठवण होते. खोलीचं दार बंद असतं आणि हाक मारली तर आतून शब्द येत नाही, नुसती गुरगुर येते. गेल्या श्रावणात क्षुल्लक कारणावरून त्यानं ताट सारलं आणि सायकल काढून तो निघून गेला. शेजारचे काका म्हणाले, "दोन ठेवून द्या, ताळ्यावर येईल." ही मात्र हलक्या आवाजात म्हणाली, "हा आपलाच ना हो?" रात्री साडेदहाला तो परतला. ओट्यावरचा दिवा आम्ही चालू ठेवला होता आणि ताट झाकून ठेवलं होतं. कुणीही काही बोललं नाही. दोन दिवसांनी त्यानं हॅरी पॉटरचा तिसरा भाग माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बाबा, यात एक मास्तर आहेत. वाचा."

त्या मास्तरांचं नाव ल्युपिन. पौर्णिमा आली की आजारी पडणारे, कोट विरलेले, मुलांवर मनापासून माया करणारे. लहानपणापासून ते नरवृक. शाळेत असताना तीन मित्रांना त्यांचं गुपित कळलं. पण ते मित्र पळाले नाहीत. नरवृकाची भीती माणसाला, जनावराला नाही; म्हणून कायदा मोडून ते स्वतःच जनावर व्हायला शिकले. एक सांबर झाला, एक कुत्रा, एक उंदीर. पौर्णिमेच्या रात्री ल्युपिन एकटे राहिले नाहीत. रघूच्या बायकोला जमलं नाही ते या पोरांनी केलं.

मग मी मागून मागून पुस्तकं वाचू लागलो. मॅगी स्टीव्हॉटर यांच्या 'शिव्हर' (२००९) मध्ये चंद्राचं काम थंडी करते. हिवाळ्यात मुलगा लांडगा होतो, ऊन तापलं की माणूस. पण दर वर्षी माणूसपणाचे दिवस कमी होत जातात आणि एका वर्षी तो परत येणारच नसतो. हे वाचताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बारावीनंतर आमच्याकडची मुलं पुण्याला नाहीतर नागपूरला जातात. म्हणजे मला अडीच वर्षं आहेत.

कोजागिरीला आम्ही गच्चीवर दूध आटवलं. त्या रात्री लक्ष्मी 'कोण जागं आहे?' असं विचारत फिरते म्हणतात. साडेअकराला जिन्यात पावलं वाजली. दुधाचा पेला उचलून, चंद्राकडे बघत, त्या फुटलेल्या आवाजात त्यानं विचारलं, "बाबा, कुठपर्यंत आलात?"