स्टिअरिंग जड लागतं!

“सेल्समध्येच जायचं असतं तर इंजिनिअरिंग कशाला केलं असतं?” दिवाळीच्या सुट्टीत जेवताना प्लेसमेंटचा विषय निघाला आणि मी हे वाक्य झोकात टाकलं. आईनं डोळे वटारले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. माझे बाबा बावीस वर्षं गाड्यांच्या शोरूममध्ये आहेत. आधी सेल्स, आता सर्व्हिस काउंटर. ते काहीच बोलले नाहीत. ताक ओतून घेतलं, प्यायले आणि उठले.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठीत एवढं लांब पहिल्यांदाच लिहितेय, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!)

सुट्टीनंतर सरांनी सेमिनारला विषय दिला, ‘स्टिअरिंगचा विकास’. म्हटलं, सोप्पं आहे. अ‍ॅकरमनची आकृती काढायची, रॅक-पिनियन सांगायचं आणि सुटायचं. पण वाचता वाचता एक माणूस भेटला आणि त्यानं माझी चांगलीच जिरवली. एमिल येलिनेक. इंजिनिअर नव्हे, विक्रेता!

हा राहायचा फ्रान्समध्ये, नीसला. तिथल्या श्रीमंतांना डाइमलर कंपनीच्या गाड्या विकायचा. कारखाना मात्र जर्मनीत, कानश्टाटला. 30 मार्च 1900 रोजी नीस ते ला तुर्बी या घाटाच्या शर्यतीत कंपनीचा विल्हेल्म बाउअर फिनिक्स गाडी चालवत होता. वळणावर गाडी खडकावर आदळली आणि त्यात तो गेला.

गाडीचं इंजिन दणकट होतं, पण गाडी उंच आणि आखूड. आता हे आपल्या भाषेत बघा. व्हीलबेस कमी असला की चाक थोडंसं फिरवलं तरी गाडी झटकन वळते. वर गुरुत्वमध्य उंच, म्हणजे वळणावर ती कलंडायला बघते. बैलगाडीच्या वेगाला हे चालून जातं. घाटात वेगाने नाही.

कारखान्यात शर्यतीच सोडून द्याव्यात असा विचार सुरू झाला. येलिनेकनं उलटं सांगितलं. शर्यत सोडू नका, गाडी बदला. लांब करा, रुंद करा, खाली आणा. नुसतं सांगितलं नाही, तर एप्रिल 1900 मध्ये साडेपाच लाख मार्कांच्या 36 गाड्यांची ऑर्डरच दिली! अट एक, गाडीला त्याच्या मुलीचं नाव द्यायचं. मर्सिडीज.

मग विल्हेल्म मायबाख कामाला लागला. विक्रेत्याच्या ‘लांब’चं त्यानं 2345 मिलिमीटर केलं. इंजिन खाली बसवलं, स्टिअरिंगचा दांडा तिरका केला. पहिली गाडी डिसेंबर 1900 मध्ये येलिनेकच्या ताब्यात आली. फेब्रुवारी 1901 मध्ये पो इथल्या शर्यतीत तिनं माती खाल्ली, सुरुवातीलाच बंद! पण मार्चमध्ये नीसला तिनं बाजी मारली. ला तुर्बीच्या त्याच घाटात सुद्धा.

मी विचार करत बसले. मायबाखशिवाय ही गाडी झाली नसती, हे तर खरंच. पण काय चुकतंय हे घाटातून कारखान्यापर्यंत कोणी नेलं? ज्याला मी जेवताना हसले होते, त्या जातीच्या माणसानं.

रात्री बाबांना फोन केला. सॉरी म्हणायचं होतं, जमलं नाही. विचारलं, “बाबा, गिऱ्हाईक ‘स्टिअरिंग जड लागतं’ म्हणालं तर तुम्ही काय करता?”

बाबा एकदम खुलले. “आधी विचारतो, कधी जड लागतं? उभ्या गाडीत की वळताना? उभ्या गाडीत असेल तर पहिली टायरची हवा बघायची. वळल्यावर चाक आपसूक सरळ येत नसेल तर अलाइनमेंट. मग गिऱ्हाइकाला शेजारी बसवून एक फेरी मारायची. त्याचं ‘जड’ आणि आपलं ‘जड’ एकच असतं असं नाही गं! ते कळल्यावरच जॉबकार्डवर लिहायचं. नाहीतर आतला मेकॅनिक भलतंच खोलून बसतो.”

मी भराभर वहीत उतरवत होते. तीन वर्षांत हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

सेमिनारमध्ये सरांनी विचारलं, “स्टिअरिंग जड असेल तर कारण काय?” सगळे पुस्तकातली कारणं आठवत असताना मी म्हटलं, “सर, कधी जड लागतं ते आधी विचारायला हवं.”

सर हसले. म्हणाले, “हे कोणी शिकवलं?”

“बाबांनी. ते सर्व्हिस काउंटरवर असतात.”

हे वाक्य मी पहिल्यांदाच वर्गात, मोठ्यानं म्हटलं.